शेवटचा डाव आणि रात्रीची झोप

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. घरातील मंडळी निजलेली असतात, स्वयंपाकघरातील आवराआवर संपलेली असते आणि उद्याच्या कामांची उजळणीही मनातल्या मनात होऊन गेलेली असते. दिवसभर कार्यालयात, दुकानात किंवा घरकामात राबलेली व्यक्ती अंथरुणाला पाठ टेकते, उशीजवळचा मोबाइल हाती घेते आणि स्वतःशीच म्हणते, ‘एकच डाव खेळू आणि झोपू.’ तो डाव हरला तर पराभव पुसून काढण्यासाठी आणि जिंकला तर विजयाची गोडी टिकवण्यासाठी दुसरा डाव सुरू होतो. घड्याळाकडे पुन्हा लक्ष जाते, तेव्हा एक वाजून गेलेला असतो. सकाळी सहाचा गजर मात्र आपली वेळ चुकवत नाही.

व्हिडिओ गेम आणि झोप यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा मुलांभोवती फिरते. मुलांना निदान ‘पुरे आता, दिवा मालव’ असे सांगणारे कोणी तरी घरात असते. प्रौढ व्यक्तीला तसे सांगणारे कोणी नसते. स्वतःच्या कमाईचा मोबाइल, स्वतःची खोली आणि दिवसभराच्या कष्टानंतर मिळालेली हक्काची फुरसत! त्यामुळे प्रौढांचे जागरण बराच काळ कोणाच्या लक्षातच येत नाही. खुद्द जागणाऱ्याच्याही नाही. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे ठरते.

खेळ थोरांचाही झाला

एकेकाळी व्हिडिओ गेम म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडायचे मुलांचे खेळणे, अशी समजूत होती. स्मार्टफोनने ती पार बदलून टाकली. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लूडो किंग’ हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांच्या हाती पोहोचला. रंगीत गोळ्या जुळवण्याचे ‘कँडी क्रश’सारखे खेळ, रणांगणावरील चढाईचे खेळ, क्रिकेटचे खेळ अशी विविधता निर्माण झाली आणि प्रत्येक वयाला व स्वभावाला मानवेल असा खेळ खिशात आला.

यात गैर काहीच नाही. खेळ हा मनाचा विसावा आहे. परगावी नोकरी करणाऱ्या मित्रांना तो संध्याकाळी एकत्र आणतो, एकटेपणा हलका करतो, तर्काला आणि चपळाईला धार देतो. प्रश्न खेळाच्या चांगल्या-वाईटपणाचा नसून त्याच्या वेळेचा आहे. दुपारी चार वाजता खेळलेला डाव आणि मध्यरात्री खेळलेला डाव दिसायला एकच असला, तरी शरीराच्या हिशोबात त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजण्यासाठी झोप कशी येते, हे प्रथम पाहावे लागेल.

निद्रेचे दोन कारभारी

स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये निद्रेविषयी एक सिद्धान्त मांडला. आजही निद्राशास्त्राचा तो एक आधारस्तंभ मानला जातो. त्यानुसार झोपेचा कारभार दोन यंत्रणा पाहतात. पहिली यंत्रणा जागेपणाचा हिशोब ठेवते. सकाळी डोळे उघडल्यापासून मेंदूत ॲडिनोसीन हे द्रव्य हळूहळू साठत जाते आणि त्याबरोबर झोपेची ओढ वाढत जाते. दुसरी यंत्रणा म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा समूह हे घड्याळ चालवतो आणि अंधार पडू लागला की पिनियल ग्रंथीकडून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. ‘रात्र झाली’ अशी जणू दवंडीच त्यामुळे शरीरभर पिटली जाते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या दोन्ही यंत्रणा एकाच वेळी अनुकूल झाल्या, म्हणजे झोपेची ओढ पुरेशी साठली आणि घड्याळानेही रात्रीची खूण दिली, की निरोगी माणसाला सहज झोप लागते. मात्र त्यासाठी तिसरी एक अट पाळावी लागते. मन आणि शरीर यांनी शांत होण्यास संमती द्यावी लागते. रात्रीचा खेळ या तिन्ही ठिकाणी हस्तक्षेप करतो. परंतु तिन्ही ठिकाणी सारख्या प्रमाणात नव्हे.

पडद्याचा उजेड किती दोषी?

सर्वसाधारण समज असा, की सारा दोष पडद्यातून येणाऱ्या निळसर प्रकाशाचा आहे. या समजुतीत तथ्य आहे. मात्र ते अपुरे आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या काही विशेष पेशी असतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. या पेशींचे मुख्य काम वस्तूंचा आकार पाहणे हे नसून जैविक घड्याळाला उजेडाची वर्दी देणे हे आहे, आणि निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात. अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यापीठाशी संबंधित संशोधकांच्या एका प्रयोगात बारा व्यक्तींना झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचण्यास देण्यात आले. सलग पाच रात्रींनंतर असे दिसले, की छापील पुस्तक वाचताना जेव्हा मेलाटोनिन स्रवू लागे, त्याच्या सुमारे दीड तास उशिरा ते आता स्रवू लागले होते. तथापि झोप लागण्यास मात्र सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच अधिक वेळ लागत होता.

जपानमधील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात अधिक बोलका आहे. त्यांनी सात तरुण पुरुषांना वेगवेगळ्या रात्री दोन प्रकारची कामे दिली. एक उत्कंठावर्धक नेमबाजीचा खेळ आणि दुसरे कंटाळवाणे साधे काम. दोन्ही कामे कधी प्रखर, तर कधी मंद पडद्यावर करावयाची होती. रात्री अकरा ते पावणेदोनपर्यंत हे काम चाले आणि दोन वाजता सर्व जण झोपी जात. निष्कर्ष असा निघाला, की खेळ खेळल्यानंतर झोप लागण्यास अधिक वेळ लागला आणि स्वप्ने पडण्याच्या निद्रावस्थेचा काळ घटला. पडदा प्रखर होता की मंद, याने झोप लागण्याच्या वेळेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, हे खरे. परंतु झोप उडवण्यात पडद्याच्या उजेडापेक्षा खेळाच्या रंगतीचा वाटा मोठा असू शकतो, हे त्याने दाखवून दिले. मोबाइलवर पिवळसर प्रकाशाची सोय चालू करून निश्चिंतपणे खेळत बसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डोळे मिटले, तरी डाव सुरूच

खेळ रंगात आला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात, श्वासाची लय बदलते. लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन असे दाखवले, की रणगाडा चालवण्याचा एक खेळ खेळताना मेंदूत डोपामिन या रसायनाचे स्रवण वाढते. उद्दिष्टामागे धावण्याच्या प्रेरणेशी हे रसायन निगडित आहे. सकाळी कामाला लागताना ही प्रेरणा वरदान ठरते. निजण्याच्या क्षणी तीच अडसर होते. पडदा विझवला म्हणजे शरीराची ही तयारी तत्क्षणी ओसरते असे नाही. चुलीखालचा जाळ ओढून घेतला, तरी भांड्यातले पाणी काही काळ कढत राहते, तसेच हे आहे.

मनाची कथा तर याहूनही विलक्षण आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘टेट्रिस’ या खेळाचा आधार घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. वरून पडणारे ठोकळे एकमेकांत बसवण्याचा हा खेळ मॉस्कोमधील अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये तयार केला होता. स्टिकगोल्ड यांच्या प्रयोगातील २७ व्यक्तींनी तीन दिवसांत मिळून सात तास हा खेळ खेळला. त्यांपैकी १७ जणांना झोप लागण्याच्या उंबरठ्यावर, डोळे मिटलेले असताना, ठोकळे पडताना दिसू लागले. त्यांत स्मृतिभ्रंश झालेले काही रुग्णही होते. आपण असा खेळ खेळलो आहोत, हेदेखील त्यांना आठवत नव्हते. ठोकळे मात्र दिसत होते. मनाने जे तासन्‌तास घोळवले, ते जाणिवेच्या आड जाऊनही निद्रेच्या दारात उभे राहते, असा याचा अर्थ.

‘आणखी थोडा वेळ’ यातील गफलत

प्रयोगशाळेतील एका रात्रीवरून वर्षानुवर्षांच्या सवयीचे मोजमाप होत नाही. त्यासाठी बेल्जियममधील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले सर्वेक्षण उपयुक्त आहे. कारण त्यात १८ ते ९४ वयाच्या ८४४ प्रौढांचा समावेश होता. खेळण्यात जाणारा वेळ जितका अधिक, तितकी झोपेची प्रत खालावलेली, थकवा अधिक आणि निद्रानाशाच्या तक्रारीही अधिक, असे त्यात आढळले. रोजच्या एका तासाच्या खेळामागे निजण्याची वेळ सुमारे ७ मिनिटांनी आणि उठण्याची वेळ सुमारे १४ मिनिटांनी पुढे सरकत होती.

अशा सर्वेक्षणावरून कार्यकारणभाव मात्र ठामपणे सांगता येत नाही. खेळामुळे झोप बिघडते, हे जसे संभवते, तसेच मुळात झोप येत नाही म्हणून माणूस खेळत बसतो, हेही संभवते. प्रत्यक्षात ही दोन्ही टोके बहुधा एकमेकांना जोडली जातात. झोप येत नाही म्हणून खेळ, खेळामुळे आणखी जागरण, जागरणाचा थकवा घालवण्यासाठी दुपारी चहा-कॉफी आणि त्यामुळे रात्री पुन्हा झोपेला उशीर, असे चक्र सुरू होते.

उठण्याच्या वेळेविषयीचा हा निष्कर्ष नोकरदारांना विशेष विचार करायला लावणारा आहे. ज्याला उशिरा उठण्याची मुभा आहे, तो गमावलेली झोप सकाळी भरून काढू शकतो. ज्याला लोकल गाठायची आहे, मुलांचे डबे भरायचे आहेत किंवा दुकानाचे शटर वर करायचे आहे, त्याला ती मुभा नसते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ निद्रेचे प्रमाण अधिक असते, तर स्वप्नांची निद्रा मुख्यतः पहाटेच्या प्रहरी वाट्याला येते. उशिरा निजून ठरल्या वेळी उठणाऱ्याच्या झोपेतून नेमका हा पहाटेचा भाग कापला जातो.

वेळेवर थांबणे अवघड का जाते, याचेही उत्तर खेळाच्या रचनेत सापडते. पुस्तकाचे प्रकरण संपते, चित्रपट संपतो, पत्त्यांचा डाव मोडून मंडळी घरोघर जातात. मोबाइलवरील बहुतेक खेळांना शेवट नसतो. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस, हुकलेल्या दिवसाचा दंड, अगदी थोडक्यात निसटलेला विजय आणि संघातील सोबत्यांचा आग्रह, या साऱ्यांची योजना खेळणाऱ्याने उठू नये यासाठीच असते. त्यातच दिवसभर इतरांच्या मर्जीने वागलेल्या माणसाला रात्रीचे ते दोन तास आपल्या मालकीचे वाटतात आणि ते सोडवत नाहीत. बाहेरची कोणतीही अडचण नसताना झोपायला जाणे लांबवण्याच्या या सवयीचा नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये स्वतंत्र अभ्यास केला आहे. त्यामागे आळसापेक्षा दिवसअखेरीस थकलेला मनोनिग्रह असू शकतो.

न जाणवणारे कर्ज

प्रौढ व्यक्तीने नियमितपणे किमान सात तास झोप घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये केली. ‘मला सहा तास पुरतात,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने या आत्मविश्वासाची चांगलीच परीक्षा घेतली. सलग चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिलेल्या निरोगी व्यक्तींची एकाग्रता अखेरीस इतकी घसरली, की काही चाचण्यांत ती संपूर्ण जागरण केलेल्यांच्या पातळीला पोहोचली. चिंतेची बाब अशी, की आपण किती घसरलो आहोत याची त्या व्यक्तींना फारशी जाणीव नव्हती. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना आपण या दिनक्रमाला सरावलो, असेच वाटत होते.

निद्राशास्त्रात यास निद्रेचे ऋण म्हणतात. पैशांच्या कर्जाचे निदान विवरणपत्र येते, हप्त्याची तारीख कळते. झोपेच्या कर्जाची नोंद कोठेही दिसत नाही. ते वसूल होते ते दुचाकी चालवताना लागलेल्या डुलकीतून, हिशोबातील चुकलेल्या आकड्यातून आणि घरच्यांवर विनाकारण निघालेल्या रागातून.

आर्थिक निर्णयांवरही त्याची छाया पडते. सिंगापूरमधील संशोधकांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रात्रभर जागलेल्या व्यक्तींचा कल तोटा टाळण्यापेक्षा मोठा लाभ मिळवण्याकडे झुकलेला दिसला. मध्यरात्री खेळाच्या ओघात ‘आणखी थोडी नाणी’ किंवा ‘नवे शस्त्र’ विकत घेताना ही गोष्ट आठवावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करण्यात आली असून, अशा खेळांसाठीचे व्यवहार पार पाडण्यास बँकांनाही त्यात प्रतिबंध आहे. परंतु साध्या करमणुकीच्या खेळांतील किरकोळ खरेदी हा प्रत्येकाच्या विवेकाचाच प्रश्न राहतो, आणि अपुऱ्या झोपेत पहिला बळी विवेकाचाच जातो.

काय करता येईल?

खेळ सर्वस्वी सोडण्याचा निश्चय सहसा आठवडाभरही टिकत नाही. त्यापेक्षा खेळाची सांगता ठरवणे अधिक व्यवहार्य आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, गजर जसा उठण्यासाठी लावला जातो, तसा थांबण्यासाठीही लावावा आणि तो झोपण्यापूर्वी साधारण एक तास वाजावा. ‘अर्धा तास खेळेन’ असे ठरवण्याऐवजी ‘दोन डाव खेळेन’ असे ठरवणे सोपे जाते. कारण डाव अर्धवट सोडणे जिवावर येते. ठरलेल्या वेळेआधी संपणार नाही, असा डाव मुळी सुरूच करू नये. सोबत खेळणाऱ्या मित्रांनाही आपली वेळ आधीच सांगून ठेवावी.

उरलेल्या तासात मंद उजेडात हलकी कामे करावीत. उद्याचे कपडे काढून ठेवावेत, चार पाने वाचावीत, घरच्यांशी बोलावे. मोबाइल शयनगृहाबाहेर चार्जिंगला लावावा. गजरासाठी तो लागतोच, ही सबब दूर करण्यास एक साधे घड्याळ पुरते. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात राहतो, हे ध्यानी घेऊन सायंकाळनंतर ती पेये टाळावीत.

उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवावी आणि सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे. जैविक घड्याळ जुळवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास मोबाइल हाती न घेता उठून दुसऱ्या जागी शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. अंथरूण हे केवळ निजण्याचे ठिकाण आहे, असा संस्कार मनावर पुन्हा व्हावा, हा त्यामागील हेतू. खेळातील कोणतीही खरेदी रात्री करू नये. ती सकाळपर्यंत थांबवावी. सकाळी तिची गरज बहुधा उरलेली नसते.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोपेची तक्रार असेल आणि ती तीन महिने टिकली असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. दीर्घकालीन निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलणारी मानसोपचारपद्धती हा पहिला उपाय म्हणून सुचवला जातो. खेळावरील ताबाच सुटला आहे, इतर कामांपेक्षा खेळच वरचढ ठरतो आहे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे थांबत नाही, अशी अवस्था दीर्घकाळ राहिल्यास तो आजार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत त्याचा समावेश असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासूनच स्वतंत्र उपचारकेंद्र चालवले आहे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर देशात कोठूनही विनामूल्य समुपदेशन मिळते. अशी मदत मागण्यात कमीपणा मुळीच नाही.

खेळणाऱ्यांतील फार थोड्यांवर ही वेळ येते. बहुतेकांचा प्रश्न रोजच्या तासा-दीड तासाचा असतो आणि म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो. परंतु बचतीचा अनुभव असा, की मोठ्या रकमेपेक्षा नियमित लहान रकमेचे मोल अखेरीस अधिक ठरते. झोपेचेही तसेच आहे. आज रात्री अकराला ठेवलेला मोबाइल उद्या सकाळच्या ताज्या मनात जमा होतो. डाव उद्याही मांडता येतो. आजची रात्र मात्र पुन्हा मांडता येत नाही.